पन्नास लिटर

घरी पंचिंग बॅग टांगायची म्हटलं की लोक आधी कंपनी विचारतात. खरा प्रश्न असतो आत काय भरायचं. ऑनलाइन मागवलेली बॅग बहुतेक वेळा रिकामीच येते, घडी घातलेल्या पोत्यासारखी. तिचं वजन आपल्यालाच घरातून उभं करायचं असतं. आणि आमचं घर अंबाजोगाईत आहे, जिथे काहीही भरायचं म्हटलं की ते आणायचं कुठून हा दुसरा प्रश्न लगेच येतो.

पहिला पर्याय चिंध्यांचा. जगभरात बहुतेक बॅगा जुन्या कापडाच्या तुकड्यांनीच भरतात. पण एका चांगल्या बॅगेत पंचवीस-तीस किलो कापड जातं आणि आमच्याकडे जुनं लुगडं म्हणजे चिंधी नसते, ती न शिवलेली वाकळ असते. आजीच्या पेटीत तीन वाकळींचा ऐवज पडून आहे. मी नुसता विषय काढला तर ती म्हणाली, "माझ्या चिंध्या घ्यायच्या नाहीत. ढेकळं भर." पेटीला त्या दिवसापासून कुलूप आहे.

दुसरा पर्याय वाळूचा. वाळू स्वस्तात वजन देते, पण महिन्याभरात खाली बसते. वर पोकळ, खाली दगड, अशी बॅग होते आणि खालच्या भागावर मारलेला एक ठोसा मनगटाला आठवडाभर पुरतो. शिवाय गोदाकाठच्या वाळूचा विषय बीड जिल्ह्यात किती नाजूक आहे हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. दारात दोन पोती वाळू उतरली तरी गल्ली विचारते, कुठली, कुणाची, कितीला.

तिसरं पाणी.

पाण्याची बॅग दोन प्रकारची मिळते. एक जमिनीवर उभी राहणारी, जिच्या बुडातल्या टाकीत पाणी भरतात. मारायचा भाग फोमचाच असतो, पाणी फक्त ती पडू नये म्हणून. मोठ्या मॉडेलच्या बुडात शंभरेक लिटर सहज जातं. दुसरी टांगायची. जाड व्हिनाइलचा, वर निमुळता आणि खाली गोल असा थेंब. तो आतून पूर्ण पाण्याने भरतात. मला दुसरी हवी होती. पुण्यात नोकरीला असताना मी तीन वर्षं बॉक्सिंगच्या क्लासला जात होते, तिथे एका कोपऱ्यात अशी बॅग होती. तिच्या गोलाव्यामुळे खालून वर जाणारा अपरकटही नीट मारता येतो. सरळ उभ्या बॅगेवर तो फक्त घासत जातो. आणि पाणी ठोशाला जागा देतं. मूठ आत रुतते, मग पाणी बाजूला सरकतं, कातडं ताणतं आणि परत येतं. ठोसा थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून तेवढ्याच जोरात मनगटावर आणि खांद्यावर झटका कमी बसतो. आवाजही कमी.

आवाज कमी हवा होता. पप्पा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. नंतर मी कंपनीकडून कायमचं घरून काम मागून घेतलं आणि इकडे आले. आजीची दुपारची झोप पानगळीसारखी हलकी आहे. आणि घराजवळच्या जिममध्ये बायकांची वेळ सकाळी अकरा ते एक, नेमकी माझ्या मीटिंगांची. कुस्तीच्या तालमी आहेत. पाटोद्याच्या राहुल आवारेने जागतिक स्पर्धेत २०१९ साली ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके फुटले. पण तालमीच्या हौद्यात माझ्या लहानपणी मुली उतरत नव्हत्या आणि मला कुस्ती करायचीही नव्हती. मला मारायचं होतं. कुणाला, असं विचारलं तर नाव सांगता येणार नाही. दिवसभर कॉलवर "नक्की, मी बघते" म्हणणाऱ्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता अर्धा तास काहीतरी मारावंसं वाटतं, एवढंच.

आईला मी बॅग मोबाइलवर दाखवली. तिने दोन प्रश्न विचारले. "ह्याच्यात किती जातंय?" आणि "प्यायचं का वापरायचं?"

हे साल २०२३. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि आमचा अंबाजोगाई. अशा हिवाळ्यात मी पाणी भरून टांगायची वस्तू मागवायला निघाले होते. आईचा प्रश्न त्यामुळे अगदी मुद्द्याचा होता.

आमच्या गावाला पाणी येतं धनेगावच्या मांजरा धरणातून. लातूरलाही तिथूनच जातं. २०१६ साली ते धरण कोरडं पडलं तेव्हा मी लातूरला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या टाक्यांपाशी कलम १४४ लागलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, का, तर पाण्यावरून मारामाऱ्या होतील. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. मला मात्र त्याआधीची एक टँकरची रांग आठवते. माझ्यापुढच्या दोन बायका, दोघी माझ्या आईच्या वयाच्या, एका घागरीच्या जागेवरून भांडल्या. एकीने दुसरीच्या तोंडावर मारलं. मारलेलीचं कुंकू पसरलं. मारणारी लगेच रडायला लागली, पण जागा काही तिने सोडली नाही. पाइप आला, तिची घागर भरली, तिने पदराने डोळे पुसत ती डोक्यावर घेतली आणि गेली. जमावबंदी कशासाठी असते हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त नीट कळलं.

म्हणून "किती जातंय" याचं उत्तर मी अंदाजाने दिलं नाही, वहीवर काढलं. थेंब गोल धरला तर पंधरा इंची बॅगेत साधारण २९ लिटर मावतं, अठरा इंचीत ५०, एकवीस इंचीत ८०. व्यास सहा इंचांनी वाढतो आणि पाणी पावणेतीन पट होतं, कारण घनफळ व्यासाच्या घनात वाढतं. बॅग विकणारे फोटोत तिन्ही शेजारी ठेवतात, तिथे हा फरक डोळ्यांना जाणवतच नाही. लिटरला किलो, त्यामुळे वजन वेगळं काढायची गरज नाही. मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्मी बॅग असावी असा एक ढोबळ नियम आहे. मी ५६ किलोची, म्हणजे पंधरा इंची पुरली असती. पण हलकी बॅग प्रत्येक ठोशाला पळते आणि आपण तिच्यामागे नाचत राहतो. मला अठरा इंची पाहिजे होती.

आई म्हणाली, एकवीसची घे.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तिचा हिशेब स्वच्छ होता. पाणी भरून ठेवायचंच आहे तर ऐंशी लिटर ठेवू. घरात ड्रम आहेत, टाकी आहे, रांजण आहे, त्यात एक वर टांगलेला. त्या बॅगेत जाणारं पाणी गेलं असं तिने एकदाही धरलं नाही. मी दमडीचंही पाणी "खर्च" करणार नव्हते, फक्त त्याची जागा बदलणार होते. एवढी साधी गोष्ट मी तिला पटवायला स्लाइड बनवायच्या बेतात होते.

ऐंशीला नाही म्हणायचं कारण छत होतं. आमचं मागचं घर माळवदाचं आहे. तुळईला पाळण्याची कडी अजून आहे, माझा पाळणा तिलाच बांधला होता. पण वर मातीचा भार, लाकूड साठ-सत्तर वर्षांचं, आत वाळवी किती ते देव जाणे. पुढच्या खोल्या स्लॅबच्या. तिथल्या पंख्याच्या हुकाला बॅग टांगायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. तो हूक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी असतो. शिवाय टांगलेलं वजन आणि झुलणारं वजन एक नसतं. बॅग साठ अंशांपर्यंत झोका घेऊन परत येते तेव्हा सगळ्यात खालून जाताना कडीवर दुप्पट ओढ पडते. पन्नास किलोची शंभर. ऐंशीची एकशेसाठ. ठोशाचा हिसका वेगळा. म्हणून कडी ओढीच्या निदान चौपट तरी सोसेल अशी धरायची.

जिन्याखालच्या मोकळ्या जागेत एक बीम खाली उतरलेला आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून मी यू आकाराची जाड पट्टी करून घेतली. बीमला ती खालून मिठी मारते आणि बोल्ट बीममधून आडवा आरपार जातो. खालून वर भोक पाडून ठोकलेला अँकर सरळ ओढीने निसटू शकतो. आडव्या बोल्टला निसटायला वाटच नसते. भोक सळईत जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी आधी बारीक बिट लावून चाचपलं. "ताई, झोका का?" त्यांनी विचारलं. बॅग आहे म्हटलं. "कॉलेजची?" शेवटी मी मूठ करून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग बारा एमेमचा बोल्ट टाकू."

उंचीचं सांगते, कारण ते कुठे नीट लिहिलेलं नसतं. बॅगेचा सगळ्यात फुगीर भाग आपल्या खांदा आणि हनुवटीच्या मध्ये आला पाहिजे. आधी टांगायची, मग भरायची. भरलेली पन्नास किलोची गुळगुळीत बॅग दोन माणसांनाही उचलून अडकवता येत नाही, धरायला काही नसतंच. भरल्यावर कातडं ताणून दोन-तीन दिवसांत ती बोट-दोन बोटं खाली येते, तेवढी साखळी आखूड ठेवायची. उन्हात टांगायची नाही. व्हिनाइल तडकतं.

भरताना नळीचा प्रश्न नव्हता, कारण धावतं पाणी आमच्याकडे नसतंच. नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि येतो तेव्हा रात्री दोनलाही येतो. पप्पा असताना ते जागायचे. मोटर लावायची, प्यायचं आधी, मग वापरायचं, मग अंगण. आता आई जागते. मी जागते म्हटलं तरी माझ्याआधी तिला जाग येते, पाइपात हवा खुसखुसली की. त्या पन्नास लिटरमध्ये तिची अर्धी रात्र होती हे मला माहीत होतं. ड्रममधून तांब्याने नरसाळ्यात ओतत आम्ही दोघींनी बॅग भरली. जारच्या भाषेत अडीच जार. शेवटी तोंडाशी राहिलेली हवा दाबून काढली, नाहीतर प्रत्येक ठोशाला आत डबडब वाजतं. शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर ब्लीचिंग पावडर. आजी खाटेवरून बघत होती. "पाण्याला पाय लावू नये म्हणत्यात," ती म्हणाली, "अन् ही बुक्क्या हाणायली."

पहिल्या आठवड्यात मी जपून मारत होते. नवीन बॅग म्हणून नाही. लातूरची ती बाई आठवायची, पदराने डोळे पुसणारी. मग एका संध्याकाळी रिलीज बिघडलेलं, चार तासांचा कॉल, आणि कॉलवरचा एक जण मला सगळ्यांदेखत "मॅडमना गावाकडून नेट मिळत नसेल" म्हणाला. त्या दिवशी मी हातांना पट्ट्या बांधून तीन-तीन मिनिटांचे सहा राउंड मारले. पाणी सगळं आत घेत होतं. दुसऱ्या खोलीत आजी झोपलेलीच होती.

कोरड्या दिवसाला घरोघर रांजण-कूलर तपासणाऱ्या आशाताई आल्या, तर वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं हे त्यांना कळेना. तोंड बंद आहे, डास जाणार नाही, असं बघून त्यांनी सोडून दिलं. जानेवारीत मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामांनी जिन्याखाली बोट दाखवून विचारलं, हे काय? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाण्याची टाकी." मामा म्हणाले, लटकवलेली? आई म्हणाली, "उंदरं लागतात." ते स्थळ पुढे गेलं नाही, पण त्याचं कारण बॅग नव्हती. मुलाला बंगलोरला जाणारी बायको हवी होती.

मे २०२४ मध्ये नळ पंधरा दिवसांवर गेला. टँकर सांगितला तर तो दोन दिवसांनी येणार. ड्रम तळाला, घरात पाहुण्यांची पोरं. आईने सकाळी फक्त बॅगेकडे पाहिलं. मी कूलरची पातळ नळी तोंडातून आत सोडली, दुसरं टोक बादलीत. बॅग हनुवटीएवढ्या उंचीवर, त्यामुळे एकदा ओढ धरली की पाणी आपणहून उतरतं. विजेशिवाय चालणारी ओव्हरहेड टाकी. भांडी, संडास, दोन बादल्या कपडे. व्हिनाइलमधलं आणि पावडर पडलेलं, म्हणून तोंडात घालायचं नाही, एवढं पोरांना दोनदा बजावलं. निम्मी उतरल्यावर मी नळी काढायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे थोडं. तुला लागंल."

पंचवीस लिटरवर बॅग वेगळी वागते. वरचं कातडं सुरकुततं, मूठ खोल जाते, बॅग दूर पळते आणि तिरकी परत येते. त्या तीन आठवड्यांत माझं पायांचं काम जेवढं सुधारलं तेवढं पुण्याच्या तीन वर्षांत सुधारलं नव्हतं.

जूनमध्ये पाऊस आला. गच्चीचं पहिलं पाणी सोडून दिलं, दुसऱ्या पावसाचं धरलं. ते बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असतं, झाकणाच्या आट्यांवर पांढरा थर बसत नाही. या वेळी आई तांब्या घेऊन स्टुलावर चढली आणि मी नरसाळं धरलं. भरून झाल्यावर ती उतरली नाही. साखळीची वरची कडी बोटाने चाचपत राहिली. "ही घासलीय बघ," ती म्हणाली. "बदलून घे उद्याच."