बीव्हर डॅम रोडची पाटी

मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात 'बीव्हर डॅम रोड' अशी पाटी आहे. तिच्यापाशी गाडी वळवताना दर वेळी मला प्रश्न पडायचा, की इथे बीव्हर आहेत कुठे? फरसाठी झालेल्या शिकारीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा प्राणी या राज्यातून संपला होता. १९२८ साली तो पुन्हा दिसला, तोही पार पश्चिम टोकाला. रस्त्यालगतच्या ओढ्यावर बांध होते खरे, पण ते माणसांनी घातलेले, क्रॅनबेरीच्या शेतीसाठी.

या भागात अशी शेतं पडीक होत चालली आहेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भाव कोसळले, विस्कॉन्सिनचं पीक पुढे निघून गेलं, आणि जुन्या वाणांच्या वेली परवडेनाशा झाल्या. माझं मत पक्कं होतं: जमीन तशीच सोडा, दलदल आपोआप परत येईल. मी पेणजवळच्या खारपट्ट्यातली. लहानपणी खारबंदिस्ती फुटून भरतीचं पाणी भातखाचरांत शिरलेलं मी पाहिलंय. आमचं शेत गेलं, घरात रडारड झाली, पण काही वर्षांत तिथे तिवरं दाटली होती. म्हणून इथल्या आमच्या गावच्या सभेत एका पडीक शेताची पुन्हा दलदल करायच्या कामाला पैसे द्यायचा ठराव आला, तेव्हा मी विरोधात बोलले. पोकलेन लावून निसर्ग आणता येत नाही, असं म्हणाले आणि विरोधात हात वर केला.

मी चुकले होते.

सभेनंतर आठवड्याभरात शेजारचे एक म्हातारे शेतकरी मला त्यांच्या सोडून दिलेल्या शेतावर घेऊन गेले. चराच्या काठाची माती त्यांनी फावड्याने सरळ तासली. आत वाळूचे थरच थर होते, आणि दोन थरांमध्ये कुजलेल्या पानांची काळी, बोटभरही जाड नसलेली रेघ. १८१६च्या सुमारास डेनिस गावच्या हेन्री हॉल यांच्या लक्षात आलं, की वाऱ्याने वाळू येऊन पडली की क्रॅनबेरीच्या वेली जोम धरतात. तेव्हापासून दर काही वर्षांनी वाळू पसरायची रीत पडली. थंडीत गोठलेल्या पाण्यावर ती टाकायची. बर्फ वितळला की वेलींवर बसते. केप व्हर्डेच्या बेटांवरून आलेल्या मजुरांनी ज्या जमिनीवर गुडघे टेकून फळं वेचली, ती अशी थराथराने उंचावत गेली. तळाशी मूळची काळी दलदल अजून ओली होती. वरची वाळू मात्र कोरडी ठणठणीत, आणि तिच्यात खांद्याएवढे पाइन.

“आणखी वीस वर्षांनी इथे पाइनचं रान असेल,” ते म्हणाले. “दलदल नसेल. चर अजून पाणी ओढून नेतायत, बघा.”

तेव्हा लख्ख कळलं. पेणला बांध फुटल्यावर समुद्र दिवसातून दोनदा येऊन काम करून जायचा. इथे भरती नाही. माणसाने घातलेली वाळू माणसालाच हलवावी लागते.

मग मी पुन्हा बीव्हर डॅम रोडवर गेले, टिडमार्श नावाच्या जुन्या क्रॅनबेरीच्या शेतावर. तिथलं शेवटचं पीक २०१०चं. पुढे तिथले नऊ बांध काढले, चर बुजवले, वाळू उलथवून खालची काळी माती वर आणली. यंत्रांनीच. मातीत कित्येक दशकं गाडलेलं पाणवनस्पतींचं बी उजेड मिळताच रुजलं. २०१७पासून मास ऑडुबॉन संस्थेचं ४८१ एकरांचं हे अभयारण्य लोकांना खुलं आहे. लाकडी फळीवर उभी राहून वळणं घेत वाहणारा तो ओढा मी कितीतरी वेळ पाहत होते. ज्याला मी विरोध केला, ते काम असंच होतं.

आमच्या गावचा ठराव तेव्हा थोड्या मतांनी पडला. येत्या वसंतात तो पुन्हा मांडला जाणार आहे. मी त्याच सभेत उभी राहून माझे शब्द मागे घेणार आहे आणि ठरावाच्या बाजूने मत देणार आहे.