डिस्कवर नवं, मेमरीत जुनं

पॅकेज मॅनेजर काम आटोपून प्रॉम्प्ट परत देतो, तेव्हा अपडेट झालं असं बहुतेकांना वाटतं. माझ्या लेखी ते तिथे अर्धंच झालेलं असतं.

लिनक्समध्ये लायब्ररीची नवी फाइल जुनीच्या नावावर येऊन बसते. पण आधीपासून चालू असलेल्या वेब सर्व्हरने जुनी फाइल धरून ठेवलेली असते. डिरेक्टरीतून तिचं नाव गेलं, तरी ती वापरणारी शेवटची प्रोसेस थांबेपर्यंत ती टिकते. डिस्कवर दुरुस्त कोड असतो आणि बाहेरच्यांना उत्तरं देत असतो तो सदोष. या सोयीमुळेच सेवा न थांबवता पॅकेज बदलता येतं, आणि धोकाही तिच्यामुळेच नजरेआड राहतो.

हार्टब्लीडच्या वेळी हे लख्ख दिसलं. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हा दोष जाहीर झाला. दर विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा कुणालाही वाचता येत होता, तोही सहसा लॉगमध्ये मागमूस न ठेवता. डेबियन या लिनक्स वितरणाने सुरक्षा सूचना काढून दुरुस्त पॅकेज तातडीने दिलं. पाठोपाठ त्याच सूचनेची सुधारित आवृत्ती काढली; आता कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात, हे अपग्रेड होतानाच तपासून सुचवलं जाऊ लागलं. ही दुसरी सूचना मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

हार्टब्लीडच्या दुरुस्तीत क्रमालाही फार महत्त्व होतं. सर्व्हरची खासगी की फुटली असण्याची शक्यता होती, म्हणून नवी की, नवं सर्टिफिकेट, जुनं रद्द, हे सगळं ओघानेच आलं. पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरला नुसतं रीलोड केलं तर तो नवी की वाचतो, मूळ प्रोसेस मात्र तीच राहते आणि तिच्याबरोबर जुनी लायब्ररीही. म्हणजे कोरी करकरीत की पुन्हा त्याच गळक्या मेमरीत. आधी पॅकेज, मग पूर्ण रीस्टार्ट, आणि त्यानंतरच की!

आवृत्तीचा आकडाही फसवतो. मूळ प्रकल्पाची दुरुस्ती १.०.१जीमध्ये आली, डेबियनने १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तेवढा दोष बुजवला आणि आकड्यापुढे आपली खूण जोडली. बाकी काहीही न हलवता एवढंच सांधणं फार जोखमीचं काम आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. स्कॅनर अशा पॅकेजला जुनं म्हणून लाल ठरवू शकतो. तेव्हा चेंजलॉग उघडून वाचावा.

सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसू द्यावीत, या मताचा मी आहे. त्यानंतर नीडरीस्टार्ट हे साधन चालवतो आणि जुन्या फाइली धरून बसलेल्या सेवा एकेक करून पुन्हा सुरू करतो. कर्नल बदलला असेल तर रात्रीची वेळ ठरवून रीबूट. नोंदवहीत दोन वेळा लिहितो: पॅकेज कधी बसलं आणि सेवा कधी पुन्हा उभी राहिली. ऑडिटला पहिली विचारतात. मी दुसरीही दाखवतो, कारण दोन्हींच्या मधल्या काळात सर्व्हर उघडाच होता.