आजीच्या वाती

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. माझा जन्म त्यानंतरचा. तरीही नारायण पेठेतील आमच्या वाड्यातला तो पूर मी पाहिला आहे असेच मला वाटते, इतक्या वेळा आजीने तो सांगितला. फडताळ कोसळले, धान्याचे डबे वाहून गेले, पुढे कित्येक दिवस नळ कोरडे. विहिरीचे पाणी गाळून, उकळूनच ती मुलांना देई. चौथी शिकलेल्या आजीचे हे शास्त्र मी पुढे वैद्यकीय महाविद्यालयात पुस्तकातून शिकले.

आम्ही पाच नातवंडे. दिवेलागणीला परवचा म्हणायची. पावकी, निमकी, दिडकी. हात रिकामे नकोत म्हणून प्रत्येकापुढे कापसाचा पुंजका. वाती वळता वळता पाढे चालत. कोणी चुकले तर ती रागावत नसे, नुसती थांबे. त्या थांबण्याचाच धाक अधिक.

मी एमबीबीएस झाले त्या सुमारास, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिला विसर पडू लागला. जेवल्याचे आठवेना. एके दिवशी माझ्याकडे पाहून तिने आईला विचारले, "ही कोण गं पोर?" संध्याकाळ झाली की ती कासावीस होई, "मला घरी जायचंय" म्हणे. ते घर म्हणजे तिचे माहेर, हे कळायला आम्हांला वेळ लागला. मग "हेच तुझं घर" असा वाद घालणे सोडून आम्ही माहेराविषयी विचारू लागलो. रात्रीची जागरणे मात्र आईनेच काढली. नातवंडांच्या अशा लेखांत सून बहुधा राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझ्याकडे असे रुग्ण आले की नातेवाईक "वयच झालं आता" म्हणतात. मला ते मान्य नाही. थायरॉइड, बी-१२, कमी ऐकू येणे, नैराश्य, चालू औषधे हे सारे आधी तपासावे. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्गही असू शकतो. अशा वेळी थांबू नये. खऱ्या स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडचे आधी पुसते. जुने पाठांतर, हाताच्या सवयी पुष्कळदा मागे राहतात.

आजीच्या त्या राहिल्या होत्या. एका संध्याकाळी दिवे गेले असता धाकट्या चुलतभावाने सहज दिडकी सुरू केली. पुढचे आकडे आजीने म्हटले, स्पष्ट आवाजात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिच्यापुढे कापूस ठेवू लागलो. तिचा आजार त्याने हटला नाही, माझे नावही तिला परत आठवले नाही. पण तो तासभर ती घर मागत नसे. भाऊ दिडकीत चुकला की अर्धी वळलेली वात बोटांत धरून ती थांबे.

ती गेल्यावर कपाटात डालड्याचा जुना डबा निघाला, वातींनी काठोकाठ भरलेला. आईने त्या दोन दिवाळ्या पुरवल्या.