दमसास

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. पंपावर उभं असताना आपलं लक्ष लिटरच्या आणि रुपयांच्या आकड्यांवर असतं; हवा फुकट, म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण इंजिनाची सगळी धडपड हवेसाठी चाललेली असते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं, हवा मात्र आत यावी लागते. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब त्या पोकळीत हवा लोटतो. इंजिन श्वास घेतं ते असं. किती हवा आली यावर किती इंधन जळेल हे ठरतं, आणि गाडी चढावर किती ओढेल हेही त्यावरच.

मग जास्त ताकद हवी असेल तर काय करायचं? छाती मोठी करायची, म्हणजे सिलिंडर मोठे करायचे. किंवा श्वास भराभर घ्यायचे, म्हणजे इंजिन जास्त वेगाने फिरवायचं. नाहीतर छाती आहे तेवढीच ठेवून तिच्यात हवा दाबून भरायची. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्या, वातावरण देईल तेवढ्याच हवेवर चालणाऱ्या इंजिनाला गाडीवेडे ‘एनए’ म्हणतात. तिसरी वाट टर्बोची. या फरकावरून माणसं किती तळमळीने भांडतात हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, आणि त्या भांडणात मीही पोटतिडकीने उतरतो.

आमच्या पुण्यातल्या टोळक्यात या वादाला दोन ठरलेल्या गाड्या आहेत. एक, २००८ साली आलेली होंडा सिटी: दीड लिटरचं एनए इंजिन, ११८ अश्वशक्ती. दुसरी, २०१३ सालची पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणला तयार झालेली: १.२ लिटर, टर्बो, १०५ अश्वशक्ती. कागदावर सिटी मोठी. पण टॉर्कच्या रकान्यात बोट ठेवलं की चित्र उलटतं. सिटीचा सर्वांत जास्त टॉर्क १४६ न्यूटन-मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर गेल्यावर. पोलोचा १७५, आणि तो १,५०० फेऱ्यांवरच हजर होतो, ४,१०० पर्यंत तसाच राहतो. रविवारी पहाटे निघून वाईला नाश्ता करायचा आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची, असा आमचा रिवाज. त्या घाटात या आकड्यांना अंग फुटतं.

सिटी वळणातून तिसऱ्या गियरमध्ये बाहेर आली की दमलेली वाटते. रेस दाबली तरी ती नुसती हुंकार भरते. मग क्लच, दुसरा गियर, काटा साडेतीन हजारांवर, आणि तिथून ती चढायला लागते. साडेचार हजारांच्या पुढे आवाज बदलतो, पोत बदलतो, आणि गाडी आपल्या पायाशी बोलू लागते. पाय केसभर दाबला तर उत्तर केसभर. जास्त दाबला तर जास्त, आणि लगेच. पोलोत हे काही करावं लागत नाही. पाय टेकवला की एक क्षण काहीच होत नाही, आणि मग मागून कुणीतरी भरभक्कम हात लावून ढकलावं तशी ती सुटते. खाली धोमचं पाणी दिसतं न दिसतं तोच पुढचं वळण समोर.

पोलोवाला म्हणतो, घाटात गियर टाकत बसायला मी काय क्लीनर आहे? सिटीवाला म्हणतो, गियर टाकायचे नसतील तर घाटात यायचंच कशाला? मी सिटीवाल्याच्या बाजूचा. ते का, हे सांगायला मला गाण्याकडे जावं लागतं.

आमच्या घरात पेटी होती, आणि वडिलांचा सा काळी एकचा. त्या सुराला सेकंदाला सुमारे १३८ कंपनं असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे काटा ४,१५० च्या आसपास आला की सेकंदाला १३८ स्फोट: काळी एकचा षड्ज. हे एकदा ध्यानात आलं आणि टॅकोमीटरची तबकडी मला सप्तकासारखी दिसू लागली. ५,००० वर कोमल गंधार. ६,२०० च्या थोडं पुढे पंचम. ६,६०० च्या सुमारास कोमल धैवत. आता दोन्ही गाड्या या मोजपट्टीवर ठेवून पाहा. पोलोची पूर्ण अश्वशक्ती ५,००० वर येते, म्हणजे तिचं गाणं कोमल गंधारावर शिगेला पोचतं. सिटीला ६,६०० पर्यंत जावं लागतं, ती पंचम ओलांडून धैवत गाठते. पोलोचा जोर ज्या १,५०० वर सुरू होतो ती जागा मंद्र षड्जाच्याही बरीच खाली आहे. तिथे कुणी गात नाही, तिथे फक्त ओझं ओढलं जातं.

टर्बोने आवाजही मंदावतो, आणि त्याचं कारण साधं आहे. जळून बाहेर पडणारा वायू थेट नळीवाटे सुटण्याऐवजी एका चक्रावर आपटतो आणि ते फिरवण्यात आपली धग, आपला धक्का खर्च करतो. स्फोटांमधले कडेकोपरे तिथे झिजतात. सायलेन्सरपर्यंत पोचेतो उरते ती गुळगुळीत गुणगुण. काही कंपन्या म्हणून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून गाडीत सोडतात. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-फाइव्हपासून तसं केलं. मला ते ऐकवत नाही.

भारतात फॉर्म्युला वन तीनच वर्षं आली, २०११ ते २०१३, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. ती तिन्ही वर्षं गाड्यांमध्ये २.४ लिटरची, आठ सिलिंडरची एनए इंजिनं होती, मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा असलेली. सेकंदाला १,२०० स्फोट. वडिलांच्या षड्जापासून तीन सप्तकं वर आणि तरीही त्याच्या पुढे. पहिल्या वर्षी आम्ही काहीजण गेलो होतो. गाडी समोरून जाण्याआधी तो आवाज छातीच्या पिंजऱ्यात शिरायचा. कानात बोळे असूनही दातांना कळायचा. पुढच्या, २०१४ च्या हंगामापासून ती स्पर्धा १.६ लिटरच्या टर्बो हायब्रिडवर गेली, आणि मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर खुद्द आयोजकांनी आवाज मेल्याची तक्रार केली. आपल्या मातीवर त्या शर्यतीत टर्बो कधी घुमलाच नाही. जे ऐकलं ते निखळ ऐकलं, याचा मला आनंद आहे.

एवढं म्हणून झाल्यावर टर्बोचं देणं मांडायला हवं, कारण ते फार मोठं आहे. इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर बाहेर जाते. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतलं ते या उधळपट्टीवर बोट ठेवून. बाहेर जाणाऱ्या धुरानेच एक चक्र फिरवावं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत येणारी हवा दाबावी. जो उच्छ्वास वाया जाणार होता त्यानेच पुढचा श्वास भरायचा. यंत्रांच्या इतिहासात याच्याइतकी देखणी कल्पना मला क्वचित दिसते. छोट्या गाडीतलं ते चक्र तळहातावर मावेल एवढं असतं आणि मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या मारू शकतं, तेही लालबुंद धगीत, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, असं जुने ट्रकवाले सांगतात ते त्यासाठीच. तेलाचा प्रवाह थांबला तर बेअरिंगमधलं तेल धगीने करपतं.

१९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी जे केलं ते तर प्रत्येक एनएवाल्याने वाचावं. त्यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर ट्रकने नेलं. बारा सिलिंडर, २७ लिटर. छाती मोठी करण्याच्या वाटेने माणूस किती दूर जाऊ शकतो त्याचा तो नमुना. समुद्रसपाटीला त्याची ताकद ३५० अश्वशक्ती. शिखरावरच्या विरळ हवेत ती २३० वर आली. टर्बो जोडला तेव्हा त्याच शिखरावर ३५६ झाली. २७ लिटरची छाती असूनही हवाच नसेल तर काय भरणार? पोलोवाला हा दाखला देतो तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं, आणि मी ते शोधतही नाही. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. आपल्या सह्याद्रीत सिटीचं तेवढ्यावर निभावतं. लडाखला खारदुंग ला चढताना दाब निम्म्यावर येतो. तिथे एनए गाडी पहिल्या गियरमध्ये धापा टाकत असते, आणि शेजारून टर्बो डिझेल निघून जाते.

पण टर्बोला उशिराचा शाप आहे. धूर जोरात आल्याशिवाय चक्र फिरत नाही, चक्र फिरल्याशिवाय हवा दाबली जात नाही, आणि हवा दाबल्याशिवाय धूर जोरात येत नाही. मागणी आणि पुरवठा यांच्यात ही फट कायमची. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्शे ९११ टर्बोने या फटीची दहशत बसवली: वळणात शिरताना दाबलेल्या पायाचं उत्तर वळणाच्या मध्यावर यायचं, आणि मागच्या बाजूला इंजिन असलेली ती गाडी शेपूट फेकायची. नंतर साबने १९७७ साली छोटा टर्बो बसवून, जास्तीचा दाब झडपेने सोडून देऊन, रोजच्या वापराची टर्बो गाडी करून दाखवली. आज संगणक, दुहेरी वाटांची चक्रं, थेट सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा यांनी ती फट पापणी लवण्याइतकी उरली आहे. उरली आहे, हे माझं म्हणणं. आणि टर्बोचं नाव गाजवणारी तीच पोर्शे जीटी-थ्रीमध्ये अजून चार लिटरचं एनए इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत फिरवते, तेव्हा त्या पापणीभर वेळाची किंमत तिलाही कळते.

आपल्याकडे मात्र या वादाचा निकाल इंजिनिअरांनी लावलाच नाही, करखात्याने लावला. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली, पेट्रोलची १,२०० आणि डिझेलची १,५०० सीसीपर्यंतची गाडी ‘लहान’ ठरली आणि तिच्यावरचा कर उतरला. जीएसटीतही ती विभागणी टिकली. मग लहान गाडीत दीड लिटरचं एनए पेट्रोल इंजिन घालणार कोण? एक लिटर किंवा १.२ लिटर, तीन सिलिंडर आणि वर टर्बो, हा साचा बसला. गिऱ्हाईकही खूश: कागदावर ॲव्हरेज चांगलं. पाय जड असला तर तेच ॲव्हरेज झरझर उतरतं, कारण दाबून भरलेल्या हवेला तेवढंच जास्तीचं पेट्रोल लागतं.

मला कुणी गाडी घेताना सल्ला विचारला तर मी टर्बो सुचवतो. हंगामात शिरवळ ते वाई रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो, समोरून एसटी येत असते, मागच्या सीटवर आई असते, आणि मधली मोकळी जागा तुटपुंजी असते. त्या वेळी गियर खाली आणून काट्याची वाट पाहण्यापेक्षा १,५०० वर तयार असलेला जोर कामाचा. पण तिथून पुढे आई पाचगणीला उतरल्यावर, परतीच्या मोकळ्या रस्त्यावर, मला श्रमाच्या प्रमाणात उत्तर देणारं इंजिन हवं असतं. टर्बोचा टॉर्क सपाट असतो. १,५०० ला जे मिळतं तेच ४,००० ला. वर जाण्याचं कारण उरत नाही. एनए इंजिनात वरच्या जागा वरच असतात, आणि तिथपर्यंत तुम्हालाच जावं लागतं.

किती वर? माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. रोज कामाला जायची त्याची गाडी टर्बो आहे. गॅरेजमध्ये मात्र एक जुनी होंडा एस-२००० त्याने जपून ठेवली आहे. १९९९ साली आलेली ही गाडी, दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, आणि जपानी आवृत्तीत २५० अश्वशक्ती. ती ताकद किती फेऱ्यांवर येते ते मला ठाऊक होतं: ८,३००. ४,१५० च्या बरोबर दुप्पट. इंजिनिअरांनी ते गाण्याचा विचार करून खचितच ठरवलं नव्हतं, पण काळी एकचा तार षड्ज नेमका तिथे लागतो.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तिथल्या स्कायलाइन नावाच्या डोंगररस्त्यावर त्याने किल्ली माझ्या हातात दिली. पाच हजारांपर्यंत गाडी मवाळ, जवळजवळ आपल्या सिटीसारखीच. सहा हजारांच्या सुमारास कॅम बदलतात. आवाजाला एकदम धार आली, आणि पंचम मागे पडला. धैवत, निषाद. दुसऱ्याच गियरमध्ये होतो, वेगही फार नव्हता, पण सगळ्या अंगात तो स्वर भरत चालला होता. काटा ८,३०० ला टेकला आणि षड्ज लागला, स्वच्छ, भरदार, वडिलांनी लावला असता तसा. मी पाय उचलला.

“दादा, थांबलास कशाला?” भाऊ ओरडला. “अजून सातशे आहेत!”