जग बुडेल तेव्हा मी कुठे असेन?



जुलैच्या रजेत बनी पार्कच्या घरी आलो. मी फिल्डला आणि लेकीची दहावी, म्हणून कुटुंब जयपुरात. रेल्वे स्टेशन आणि सिंधी कॅम्पचा बसस्टँड जवळ, त्यामुळे रजेवर येणाऱ्या फौजीला हा भाग सोयीचा.

लेक दिवसभर एकच गाणं लावत होती. लेडी गागा आणि ब्रुनो मार्सचं ‘डाय विथ अ स्माइल’. मी म्हटलं, “हे तर तुझ्या आजोबांच्या काळातलं वाटतंय.”

“बाबा, २०२४चं आहे!”

खरंच होतं ते. गाणं १६ ऑगस्ट २०२४ला आलं, पण घडण जुनीच. आपल्या दादऱ्याची आठवण करून देणारा झुलता ठेका, साधी गिटार आणि जुन्या टीव्ही कार्यक्रमासारखा व्हिडिओ. खडकवासल्याला आमच्या एका सीनियरकडे मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांची कॅसेट होती. १९६७च्या सुमाराची ती युगुलगीतं. आधी एकाने म्हणायचं, मग दुसऱ्याने, शेवटी दोघांनी मिळून. हे गाणं त्याच घराण्यातलं. बिलबोर्डच्या जागतिक यादीत ते १८ आठवडे पहिलं होतं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं.

मग मी शब्दांकडे लक्ष दिलं. आशय एवढाच, की जग संपायची वेळ आली तर मला तुझ्या शेजारी असायचंय. ऐकून जरा चरकलो. आमच्या नोकरीत नेमकं उलटं असतं. तशी वेळ आली की पहिली रजा रद्द होते आणि आम्ही घरापासून सर्वांत लांब असतो.

७ मेला तेच झालं. पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल होतं. जयपुरातही दिवे बंद झाले. मी माझ्या जागी होतो. दोन दिवस घरी फोन करता आला नाही.

त्या रात्रीचं बायकोने मला आत्ता, गच्चीत चहा पिताना सांगितलं. अंधारात दोघी जमिनीवर बसल्या होत्या. इअरफोनचं एक टोक लेकीच्या कानात, एक हिच्या. हेच गाणं चालू होतं.

“रडलात?” मी विचारलं.

“ती रडली. मी नाही.”

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, “तेव्हा मी तुमच्याजवळ असायला हवं होतं.”

ती कप उचलत म्हणाली, “तसल्या वेळी तू शेजारी नसणार, हे लग्नाआधीच माहीत होतं. आता पंधरा दिवस आहेस ना, तर मोबाइल बाजूला ठेव. आणि उद्या लेकीच्या शाळेत पालकसभा आहे, तिथे तू जा.”

गेलो. पहिल्या बाकावर बसलो. लेक लाजली, पण हसली.