पाडाला लागलेली पुळी

परवा ऑफिसात आमच्याकडे नवीनच लागलेला एक मुलगा उभ्याउभ्याच फाईल वाचत होता. "बस की रे," म्हटलं, तर लाजला. मी काय ते ओळखलं. कारकुनाला बसायच्या जागी केसतूड येणं म्हणजे शेतकऱ्याचा बैल ऐन पेरणीत लंगडा होणं! या दुःखाचा मी जुना अनुभवी.

लहानपणी मे महिना आला की आमच्या घरात कुणाला ना कुणाला गळू व्हायचंच. दोष जायचा मानकुरादाला. "आंबे उष्ण पडले," असं आजी म्हणायची आणि आंबे पाण्याच्या बादलीत टाकायची. आता कळतं की बिचारा आंबा बराचसा निर्दोष. घामाने, चिकटलेल्या कपड्यांच्या घासण्याने कातडी सोलवटते, नखाने खाजवली की फुटते आणि केसाच्या मुळाशी जंतू शिरतो. आंब्याचा चीक लागून खाज सुटली तर तेवढाच काय तो त्याचा गुन्हा. या जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस. १८८२ साली स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी ते ठेवलं, कारण दुर्बिणीखाली तो द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात तो मुकाट राहत असतो.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ती गव्हाच्या पिठात हळद आणि थोडं तेल घालून पोटीस शिजवायची, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची आणि मग फडक्यातून गळवावर बांधायची. दिवसातून तीन-चार वेळा. मी पुळी दाबायला गेलो की हातावर चापट बसायची. "आंबा पाडाला लागल्याशिवाय काढतोस का रे? मग हिला का छळतोस?"

डॉक्टरही हेच सांगतात. पीठ-हळद नसली तरी चालेल. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं शेकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. फोडायचं नाही, टोचायचं नाही. दाबलं की जंतू आणखी खोल जातो. आपोआप फुटलं तर धुऊन स्वच्छ कापड बांधायचं, आणि तिथे हळद-पीठ काही भरायचं नाही. हात साबणाने धुवायचे. टॉवेल, दाढीचं पातं वेगळं ठेवायचं, नाहीतर घरभर प्रसाद वाटला जातो.

इथवर आजीचा विजय. पण पुढची गोष्ट सांगायलाच हवी.

काही वर्षांपूर्वी मला चार महिन्यांत तीन गळवं झाली. एक बरं होतं न होतं तो दुसरं. मी आजीचा नातू, शेकत बसलो. ऑफिसातली खुर्ची बदलली, आंबे सोडले. शेवटी बायकोने डॉक्टरकडे ओढून नेलं. त्यांनी गळू पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "साखर कधी तपासली होती?" कधीच नाही. उपाशीपोटीची १२६ च्या वर गेली की मधुमेह म्हणतात. माझी १९८ निघाली. साखर वाढलेली असली की अशा जंतूंचं फावतं, जखमाही लवकर भरत नाहीत.

घरी येताना फेरीबोटीत उभा होतो आणि एकदम आजीचा पाय आठवला. शेवटची दोन वर्षं तिच्या टाचेची जखम भरलीच नव्हती. तीही शेकत होती, पोटीस बांधत होती, वाट पाहत होती. तिची साखर तपासावी असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. तिला काय झालं होतं ते आता कळायचं नाही, पण तो विचार अजून मन सोडत नाही.

त्या मुलाला मी शेकायचं कसं ते सांगितलं. तोंडावर, नाकाजवळ आलं, ताप आला, लाली पसरत गेली, आठवड्यात उतरलं नाही किंवा पुन्हापुन्हा होऊ लागलं, तर मात्र थांबू नकोस, असंही बजावलं.

पुळीने पाडाला लागावं, तोवर वाट पाहावी. माणसाने मात्र पिकण्याची वाट पाहू नये.