रंगपटातला कडेचा फोकस

दशावतारी नाटकापेक्षा नाटक उभं राहायच्या आधीचा तासभर मला जास्त आवडतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागला की मी कॅमेरा घेऊन रंगपटात मुक्काम ठोकतो. रंगपट म्हणजे देवळाची मागची पडवी किंवा कापड बांधून केलेला आडोसा. मेकअपवाला वगैरे भानगड नाही, ज्याने त्याने आपलं तोंड आपण रंगवायचं. समोर उघडा पेटारा, हातात वीतभर आरसा, वर एखादा पिवळा बल्ब.

अशा जागी माणसाला फोटोच्या मधोमध बसवलं की फोटो मेला. तो डावीकडे हवा, म्हणजे उजवीकडे त्याचा मुकुट, घडी घातलेला शेला, शेजारी लुगडं नेसणारा स्त्रीपार्टी हे सगळं येतं. पण कॅमेऱ्याला त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो बहुधा सगळ्यात जवळची ठसठशीत वस्तू पकडतो. पेटाऱ्याची कडी लख्ख, राजा धूसर! जुन्या लग्नाच्या अल्बमांत नवरा-नवरीच्या मधल्या फटीतून मागचा पडदाच खणखणीत आलेला असतो, तोही कॅमेऱ्याने भलतीच वस्तू पकडल्याचाच प्रकार.

माझा कॅनन 1300डी साधासुधा, नऊ फोकसबिंदूंचा. त्यातला मधला तेवढा क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. बाकीच्यांना एकाच दिशेच्या रेषा कळतात. त्यामुळे अंधारात मधला चटकन पकड घेतो आणि कडेचे चाचपडत राहतात. म्हणून बहुतेक जण मधला बिंदू डोळ्यावर ठेवतात, शटर अर्धं दाबून फोकस धरून ठेवतात आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम लावतात. दहा-बारा फुटांवर ही युक्ती झकास चालते. रंगपटात मात्र माणूस जेमतेम मीटरभरावर असतो. तिथे कॅमेरा दहा अंश वळवला की फोकसची पातळीही वळते आणि डोळ्याच्या दीडेक सेंटिमीटर मागे जाऊन पडते. 50 मिलिमीटरची लेन्स एफ 1.8 ला उघडी असली तर एवढ्या अंतरावर शार्प भागाची जाडी सगळी मिळून तीन सेंटिमीटरही नसते, आणि डोळ्याच्या बाजूला त्यातली निम्मीच. म्हणजे पापणी काठावर आणि कानशील कोरीव.

तेव्हा मी कडेचाच बिंदू निवडतो. मागचं बटण दाबून बाणाने डावीकडे सरकायचं, एवढंच काम. तो बिंदूही चौकटीच्या टोकापर्यंत पोचत नाही, थोडं वळावं लागतंच, पण ते अंशा-दोन अंशांचं. चाचपडायला लागला तर त्याला भुवईची काजळरेघ द्यायची. रंगवलेल्या चेहऱ्यावर तिच्याइतकी ठळक कड दुसरी नाही. तरीही अडला तर कॅमेरा जरा तिरका धरून फोकस घ्यायचा आणि मग सरळ करायचा. अंगचा फ्लॅश उघडला तर फोकससाठी तो फडफडा झटके मारतो. काजळाची रेघ ओढणाऱ्या माणसापुढे हे करू नये. मी फ्लॅश मिटलेलाच ठेवतो.

खरी गंमत आरशाची. मला आरशातला चेहरा हवा असतो. आरसा माझ्यापासून मीटरभर आणि चेहरा आरशापासून फूटभर असला, तर प्रतिबिंबाचं अंतर सव्वा मीटरच्या पुढे भरतं. बिंदू आरशाच्या चौकटीला लागला तर पत्रा शार्प येतो, आतला राजा पुसट. बिंदू नेमका आतल्या भुवईवर बसवला की लेन्स किंचित मागे सरकते आणि चेहरा उजळतो. पोलरॉइडने 1978 मध्ये ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा कॅमेरा काढला होता. त्याचा आवाज काचेवरच आपटून परत आला असता. आताचा कॅमेरा आलेला प्रकाशच तपासतो, त्याला काच आडवी येत नाही.

गेल्या जत्रेत असाच एक फोटो साधला. डाव्या कडेला आरशात अर्ध्या मिशीचा राजा, उरलेल्या चौकटीत पेटारा आणि वर टांगलेले हार. खुशीत मी तो राजेसाहेबांना दाखवला. त्यांनी मिशीचं बोट पुसत कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे बारीक केले. "ह्यां काय? माका मदी घे मरे, असो कडेक कित्याक बसवलंस?"

मग मुकुट चढवून, तलवार उपसून ते पडद्यापुढे ताठ उभे राहिले. मी चार पावलं मागे सरकलो, मधला बिंदू लावला. त्याने क्षणात पकड घेतली. घरी पाठवायला त्यांनी तोच मागून घेतला.